देखाव्यातलं रिकामं वळण

खोली दाखवून झाल्यावर घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो चहाचा. नोकरी कुठे, गाव कोणतं, लग्न झालं का, हे नागपूरच्या महाल भागातले नेहमीचे प्रश्न त्यांच्या तोंडून आलेच नाहीत. चहा दिवसातून किती वेळा घेता, खोलीत करता की बाहेर पिता, पत्ती बारीक वापरता की जाड, एवढंच त्यांना हवं होतं. मी सदरमधल्या एका सरकारी कचेरीत नुकताच चिकटलो होतो. यवतमाळकडच्या खेड्यातून आलेला, शहराला बुजलेला. मला वाटलं, स्टोव्हच्या धुरानं भिंती काळ्या होतील अशी यांना भीती असेल. म्हणालो, "सकाळी एकदाच करीन. नको असेल तर तोही बाहेर घेईन."

"नाही, नाही, करा," ते म्हणाले. "दोनदा करा. फक्त चोथा फेकायचा नाही. धुऊन, वाळवून या डब्यात टाकायचा. जाड पत्ती असली तर फार बरं."

आणि त्यांनी बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. भाड्याचं बोलणं त्यानंतर झालं, तेही त्यांच्या बायकोनं, काकूंनी, केलं. ते तोवर माझ्या बुटांकडे बघत होते. माणसाच्या तोंडाकडे फार वेळ बघायची त्यांना सवय नव्हती. समोरचा बोलत असला की त्यांची नजर त्याच्या पायांवर असायची.

चोथ्याचं काय होतं ते दुसऱ्याच दिवशी कळलं. मागच्या खोलीत दोन स्टुलांवर एक सागवानी दार आडवं टाकलेलं होतं आणि त्या दारावर डोंगर होता. लाकडाचा भुसा, कागदाचा लगदा आणि डिंक यांचा डोंगर. त्याच्या अंगावरून एक कच्चा रस्ता वळणं घेत खाली येत होता. रस्त्याकडेच्या झाडांखाली जो ओलसर पालापाचोळा दिसत होता, तो माझ्या आधीच्या भाडेकरूनं प्यालेला चहा होता. वरचा बर्फ म्हणजे काकूंची रांगोळी. आणि त्या रस्त्यावरून बोटाच्या दोन पेरांएवढे शिपाई उतरत होते. कोणाच्या खांद्यावर बंदूक, कोणाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात. एकाच्या पायांना चिंध्या गुंडाळलेल्या. एकजण दगडावर बसून बुटाची नाडी सोडत होता, आणि ती नाडी खरोखर दोऱ्याची होती. मध्ये एक हिरवा ट्रक, ताडपत्रीच्या कमानीसकट.

सगळे खाली येत होते. वर जाणारा एकही नव्हता.

"सागाचं दार हाय ते," काकू माझ्या मागे येऊन म्हणाल्या. "न्हानीले दार नाई आमच्या, पडदा हाय. आन् यायचा डोंगर दारावर बसला." काकू वर्धेकडच्या शेतकरी घरातल्या, बोलणं तिकडचंच राहिलं होतं; 'यांचा', 'यांनी'ला त्या 'यायचा', 'यायनं' म्हणायच्या. ते स्वतः महालातलेच, दोन पिढ्या इथेच कारकुनी केलेल्या घरातले. त्यांना काकूंच्या बोलण्याचा राग येत नसे. ते हसतही नसत. 'हो, दार करायचं आहे,' एवढंच म्हणत. ते दार शेवटपर्यंत झालं नाही.

गल्ली त्यांना हवालदारसाहेब म्हणायची. सैन्यात ते ट्रक चालवायचे. चीनच्या लढाईच्या वेळी ते तिकडे ईशान्येच्या डोंगरात होते. मुदत संपल्यावर घरी आले आणि लकडगंजात एका वखारीत लाकूड मोजायच्या कामाला लागले. भुसा आणि दार तिथलंच. गाडीला मात्र त्यांनी पुन्हा हात लावला नाही. वखारीच्या मालकानं सांगून पाहिलं, ट्रकवर बसा, पगार वाढवतो. ते म्हणाले, "मला आता येत नाही."

पहिली पलटण त्यांनी मेणाची केली होती. ती मी पाहिली नाही, काकूंकडून ऐकली. हिवाळाभर बसून केलेले शिपाई एप्रिलपर्यंत ताठ उभे होते. मे लागला आणि एका दुपारी वखारीतून येऊन बघतात तर सगळे गुडघ्यांवर आलेले. कोणी कमरेत वाकलेला, कोणाची मान छातीत रुतलेली, दोघं एकमेकांना चिकटलेले. काकूंना हसू आवरेना. "मी म्हनलं, चीननं नाई मारले ते नागपूरच्या उनानं मारले." आता हे चिडतील असं त्यांना वाटलं. पण ते स्टूल ओढून समोर बसले आणि संध्याकाळ होईपर्यंत त्या वितळलेल्या माणसांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शेवटी शेवटी असेच दिसत होते."

त्यानंतर ते चितार ओळीतल्या एका मूर्तिकाराकडे गेले. त्यानं विचारलं, कोणता देव करायचा आहे. हे म्हणाले, देव नाही, माणसं करायची आहेत, थकलेली. मूर्तिकार म्हणाला, आमच्याकडे थकलेलं कोणी नसतं. पण माणूस चांगला होता. शाडूत कापूस कसा मळायचा, तारेच्या सांगाड्यावर माती कशी चढवायची, सावलीत किती वाळवायची, सगळं त्यानं दाखवलं. वितळलेल्या मेणाच्या माणसांना समोर ठेवून यांनी मातीची माणसं केली. म्हणून ती तशी वाकलेली होती. दुकानात मिळणाऱ्या शिपायांसारखी छाती काढलेलं त्यांच्यात कोणी नव्हतं.

रंगाच्या बाबतीत त्यांच्यासारखा काटेकोर माणूस मी पाहिला नाही. वर्दीचा हिरवा रंग ते कधी डब्यातून सरळ लावत नसत. "वर्दी मिळते त्या दिवशी सगळ्यांची एका रंगाची असते," ते म्हणायचे. "महिन्यानं ज्याची त्याची वेगळी होते." म्हणून प्रत्येक शिपायासाठी बशीत वेगळा रंग कालवायचे. ब्रश खारीच्या शेपटीच्या केसांचा, स्वतः बांधलेला. कोपरांवर फिका हात, गुडघ्यांवर मातकट, पाठीवर जिथे पट्टा घासतो तिथे पुसट. पण डोळे ते कोणालाच रंगवत नसत. चेहऱ्यावर नाक, ओठ, दाढीची खुंटं, आणि डोळ्यांच्या जागी नुसती सावली.

एकदा मी म्हणालो, "डोळे का नाही काढत?"

"एवढ्याशा माणसाचे डोळे कुठे दिसतात."

"नाडी दिसते."

त्यांनी ब्रश धुतला, फडक्याला पुसला, पुन्हा धुतला. "नाडी आपल्याकडे बघत नाही," ते म्हणाले.

त्यांच्या सायकलची गोष्ट तर महालात सगळ्यांना ठाऊक होती. रस्त्यात कोणीही हात वर केला की ते थांबायचे. आपल्यासाठी केला की दुसऱ्यासाठी, हे बघायचे नाहीत. कोणी पलीकडच्या मित्राला हात करावा आणि यांनी सायकल त्याच्यापुढे उभी करून विचारावं, "कुठे जायचं?" तो गोंधळायचा. हे म्हणायचे, "बसा ना, बसा." रिक्षाला हात करणाऱ्या कितीतरी लोकांना त्यांनी कॅरिअरवर बसवून घरी सोडलं. रिक्षावाले चिडायचे. वखारीत रोज उशीर व्हायचा, मालक बोलायचा, हे ऐकून घ्यायचे. एकदा चौकात रहदारीच्या हवालदारानं गाड्या अडवायला हात वर केला. हे थेट त्याच्यापर्यंत गेले, पाय टेकवला आणि विचारलं, "कुठे सोडू?" त्याला वाटलं, हा माणूस भर चौकात आपली थट्टा करतो आहे. त्यानं यांना चौकीवर नेऊन बसवलं. निरोप आल्यावर मी कचेरीतून परस्पर त्यांना सोडवायला गेलो तेव्हा ते बाकावर पायांकडे बघत बसले होते. जमादार मला म्हणाला, "ये आदमी पागल है क्या?" मी म्हणालो, फौजी आहेत. जमादार लगेच उठून उभा राहिला, चहा मागवला, सलाम केला. चौकीत नुसते बसलेले असताना ते जेवढे शरमले नव्हते तेवढे त्या सलामानं शरमले. चहा न घेताच बाहेर पडले.

फौजी म्हटलं की त्यांचं असंच व्हायचं. जवळच्या शाळेनं सव्वीस जानेवारीला झेंडा लावायला बोलावलं की त्यांना ताप यायचा. आणि तो ताप घेऊन ते सकाळभर गांधीसागर तळ्याच्या काठावर जाऊन बसायचे. लोक म्हणायचे, खरी मोठी माणसं अशीच असतात, मिरवत नाहीत.

त्या देखाव्यात एक जागा रिकामी होती. ट्रकच्या थोडं पुढे, रस्ता जिथे वळतो तिथे. बाकी डोंगरावर बोट ठेवायला जागा नव्हती आणि वळण मात्र कोरं. वर्षानुवर्षं ते झाडांना पानं चिकटवायचे, दगडांवर शेवाळ चढवायचे, एखादा शिपाई आवडला नाही तर मोडून नवा करायचे, पण वळणाला हात लावायचे नाहीत. कोणी विचारलं तर म्हणायचे, "तेवढं राहिलं आहे." गल्लीचा अंदाज असा होता, की तिथे हवालदारसाहेब स्वतःला उभं करणार. काकूंचाही तोच.

बांगलादेशच्या लढाईनंतरच्या गणपतीत सगळ्या नागपूरभर सैन्याचे देखावे होते. आमच्या गल्लीतल्या मंडळाचा सचिव, बोलका आणि कामाचा गडी, त्यांच्या मागे लागला. "काका, तुमचा देखावा यंदा मंडपात पाहिजे म्हणजे पाहिजे. फुल लायटिंग लावतो. सगळं नागपूर आपल्या गल्लीत येते का नाही बघा." आधी दोन वर्षं त्यांनी नाही म्हटलं होतं. यंदाही नाहीच म्हणतील असं धरून मी बाजूला उभा होतो. ते म्हणाले, "देतो. पण मला दोन शब्द बोलू द्याल का?"

सचिवाला तर तेच हवं होतं. भाषण न करणारा माणूस आपण होऊन भाषण मागतो आहे.

चौघांनी मिळून दार उचलून मंडपात नेलं. मंडळाच्या पोरांनी वर निळे दिवे लावले, मागे तोफांच्या आवाजाची व्यवस्था केली आणि डोंगराच्या टोकावर एक छोटा तिरंगा खोचला. यांनी तो पाहिला आणि तसाच राहू दिला. उद्घाटनाच्या संध्याकाळी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते पाहुण्यांच्या बाजूला बसले. शाल झाली, नारळ झाला. मग सचिवानं त्यांना माईकपाशी उभं केलं. त्यांच्या हातात काही नव्हतं, पण ते पाठ करून आले होते हे मला त्यांच्या ओठांवरून दिसत होतं.

"तुम्ही सगळे मला जे समजता," ते म्हणाले, आणि माईक किंचाळला. कोणीतरी बटणं फिरवली. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "मी काही केलेलं नाही. तिथे जे वळण दिसतं, तिथे मी ट्रक घेऊन आलो होतो. तिथे मी गाडी थांबवली नाही. मी थांबलो नाही. मी थांबायला..."

सचिव पुढे झाला. त्याला वाटलं, साहेबांचा कंठ दाटला. त्यानं माईक घेतला. "ऐकलं का मंडळी. शत्रू समोर, गोळ्यांचा पाऊस, आणि आमचे हवालदारसाहेब काय म्हणतात? मी थांबलो नाही."

टाळ्या पडल्या. घोषणा झाल्या. ते "तसं नाही, तसं नाही" म्हणत होते. माईक लांब गेला होता. पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं, पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. एखाद्याचं अंगावरचं धोतर सुटावं आणि सगळ्यांनी त्यालाच हार घालावा, तसं काहीतरी चाललं आहे असं वाटत होतं.

गणपती गेले, दार घरी आलं. पण आठवड्याभरात गल्लीच्या तोंडाशी असलेल्या भिंतीवर मंडळाच्या पोरांनी हातभर अक्षरांत रंगवलं: 'आमचे हवालदारसाहेब थांबले नाहीत. आपणही थांबू नका.' वखारीत जायला दुसरा रस्ता नव्हता. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी त्यांना ते वाचत जावं लागायचं. ते सायकलवरून उतरून, मान खाली घालून, सायकल हातात धरून तेवढा तुकडा चालायचे.

एका रविवारी भर दुपारी चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन ते भिंतीपाशी गेले आणि 'थांबले नाहीत' वर चुना फासू लागले. पोरं धावत आली. सचिव आला. त्यानं यांच्या हातून कुंचा अगदी हळू, आदरानं काढून घेतला. "काका, किती साधेपणा असावा माणसानं. तुम्हाला नको असेल तुमचं कौतुक, आम्हाला तर करू द्या." संध्याकाळपर्यंत अक्षरं पुन्हा रंगवून झाली, आधीपेक्षा ठळक.

त्याच संध्याकाळी ते माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, "बाबू, जरा चालता का?" आम्ही गांधीसागरवर गेलो. पायऱ्यांवर बसलो.

"त्या दिवशी मंडपात मी काय सांगत होतो, तुम्हाला कळलं का?"

"नाही."

"कोणालाच नाही कळलं." मग त्यांनी सांगितलं. आवाज चढला नाही, पडला नाही. फौज दोन दिवस डोंगरावरून उतरत होती. त्यांच्या ट्रकमध्ये वरच्या ठाण्यासाठी नेलेल्या घोंगड्या होत्या. वर घ्यायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून परत खाली न्यायला सांगितलं. दिवस मावळत होता, बर्फाचं पाणी पडत होतं. त्या वळणावर एक माणूस एकटा उभा होता. माकडटोपी, कोटाची कॉलर वर. त्यानं हात वर केला.

"माझा पाय ब्रेकवर होता," ते म्हणाले. "दाबला नाही."

मला त्यांना मदत करावीशी वाटली. म्हणालो, "तुमच्या साहेबांनी नको म्हटलं असेल."

"साहेब शेजारी झोपले होते. दोन रात्रींचे जागे होते बिचारे."

"गाडी भरलेली असेल."

"अर्धी रिकामी होती. आणि बाकी घोंगड्याच होत्या."

"मागून गोळीबार चालू असेल."

"सगळं शांत होतं."

"मग चढावर थांबवली असती तर..."

"उतार होता, बाबू." ते माझ्याकडे वळले. तेवढ्यापुरतं माझ्या डोळ्यांत बघितलं. "हे सगळं मी माझं मला विचारून झालं आहे. नागपूरला येईपर्यंत माझ्याजवळ पुष्कळ कारणं जमली होती. त्या वेळी एकही नव्हतं. मला फक्त खाली जायचं होतं."

"मागून दुसरी गाडी आली असेल," मी म्हणालो.

"माझी शेवटची होती."

लाज त्यांची होती, पण शेजारी बसून ऐकणाऱ्यालाही ती लागतेच. आम्ही दोघं आपापल्या चपलांकडे बघत बसलो होतो. शेंगदाणेवाला येऊन उभा राहिला, काही न विकता निघून गेला.

"मंडपात सगळ्यांसमोर सांगून टाकू असं वाटलं होतं," ते उठता उठता म्हणाले. "कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आता तर सोयच राहिली नाही."

पुढच्या मे महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला मागच्या अंगणात बोलावलं. ट्रंकेतला जुना फौजी ओव्हरकोट आणि लोकरी माकडटोपी काढून ठेवली होती. "दहा मिनिटं उभे राहाल का? मला त्याचा चेहरा आठवत नाही. चेहरा दिसलाच नव्हता. पण उभं राहणं बघायला पाहिजे."

बाहेर अंग भाजून निघत होतं. मी कोट चढवला, टोपी घातली, कपडे धुवायच्या दगडावर उभा राहिलो आणि हात वर केला.

"एवढा उंच नाही. तो बोलावत नव्हता."

मी हात खाली आणला.

"थोडा वर. कोपर दुमडू नका. हं. तो नुसतं सांगत होता, की मी इथे आहे."

शेजारच्या बाई गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. त्यांनी काकूंना वरून विचारलं, "काय चाललं आहे वं?" काकू म्हणाल्या, "नाटक बसवून राहिले." घाम माझ्या पाठीवरून पायांपर्यंत गेला. ते समोर उकिडवे बसून तारेवर माती चढवत होते, बघत होते, पुन्हा चढवत होते. माझा हात थरथरायला लागला. तेव्हा त्यांनी मान वर केली.

"दुखतो का?"

"हो."

"किती वेळ झाला असेल?"

"झाली असतील पंधरा-वीस मिनिटं."

त्यांनी हातातली माती खाली ठेवली. "त्यानं किती वेळ धरला असेल?" ते म्हणाले. मी हात खाली घेतला तरी त्यांची नजर हात होता तिथेच होती.

तो माणूस वाळला, रंगला आणि वळणावर उभा राहिला. इतरांपेक्षा जरा सैल, हात अर्धवट वर. त्या दिवशी मी मागच्या खोलीत होतो. काकू चहा घेऊन आल्या आणि त्यांचं लक्ष गेलं.

"भरलं का वळन एकदाचं? पन हे तुमी नाई दिसत. हा कोन हाय?"

मी उठायला लागलो. त्यांनी मला खुणेनं बसवलं. मग वरिष्ठांपुढे उभं राहावं तसे हात बाजूला सोडून ते काकूंसमोर उभे राहिले आणि तळ्याकाठी मला सांगितलं होतं तेवढंच, त्याच शब्दांत, त्यांनी सांगितलं. काकू ट्रे हातात धरून ऐकत होत्या. एकदाही मध्ये बोलल्या नाहीत.

"म्हनून थंडीत घोंगडी घेत नाई तुमी," त्या म्हणाल्या. "मले वाटे, मिल्ट्रीतली सवय हाय."

त्यांची नजर काकूंच्या पायांवर होती.

"मंग त्याले असा उभा काहून ठेवला? गाडी तं बाजूलेच हाय. बसवा त्यात."

"तसं झालं नाही."

"झालं नाई हे समजलं मले. आता तं करता येते."

"आता केलं तर ते खोटं होईल."

"होऊ द्या खोटं. मानूस थंडीत उभा हाय तिकडे." आणि त्या चहा तसाच घेऊन परत गेल्या. मला वाटलं, रडतील. स्वयंपाकघरातून भांडी घासायचा आवाज आला, नेहमीपेक्षा जोरात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते वखारीतून आले, हातपाय धुऊन मागच्या खोलीत गेले आणि तिथेच थबकले. मी दारातून पाहिलं. वळण रिकामं होतं. तो माणूस ट्रकमध्ये होता, मागच्या बाजूला घोंगड्यांच्या गठ्ठ्यांत उभा. त्याचा वर केलेला हात ताडपत्रीच्या कमानीला असा लागला होता, की त्यानं ती धरली आहे असं वाटावं. काकूंनी मुद्दाम तसं केलं होतं की ते आपोआप जमलं, कोण जाणे. ते बराच वेळ बघत उभे राहिले. मग दोन बोटांनी त्यांनी त्याला अलगद उचललं आणि वळणावर नेऊन ठेवलं. जेवताना दोघांपैकी कोणी त्यावर बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा ट्रकमध्ये होता.

मग ते तसंच चालू राहिलं. ते वखारीत गेले की काकू खोली झाडायला जायच्या आणि त्याला ट्रकमध्ये चढवायच्या. संध्याकाळी येऊन ते त्याला खाली उतरवायचे. यांनी खोलीला कडी लावली नाही, त्यांनी कधी विषय काढला नाही. मी एकदा काकूंना धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, "झाडताना उचलून ठेवते गा बाबू. मधात येते तो." आणि कांदा चिरू लागल्या.

माझी बदली अमरावतीला झाली, लग्न झालं, संसार वाढला. कचेरीच्या कामानं नागपूरला आलो की मी महालात डोकावायचो. दुपारी गेलो तर तो ट्रकमध्ये असायचा, अंधार पडताना गेलो तर वळणावर. त्यांचे केस पिकले, वखार सुटली, तरी त्यांनी संध्याकाळची ती वेळ सोडली नाही. घरीच असायचे, तर दुपारी मुद्दाम गल्लीच्या टोकापर्यंत फिरून यायचे. बायकोला खोली झाडायला सवड मिळावी म्हणून, असं मला वाटतं. भिंतीवरचं ते वाक्य कोणाच्या तरी निवडणुकीच्या रंगाखाली गेलं होतं, पण मान खाली घालून तेवढा तुकडा चालणं काही गेलं नाही. चारचौघात कोणी हवालदारसाहेब म्हटलं की ते अजून इकडेतिकडे बघायचे, दुसऱ्याच कोणाला हाक मारली असावी तसे.

छातीच्या दुखण्यानं ते एका हिवाळ्यात गेले. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. मी पोचलो तो चौथा-पाचवा दिवस असेल. समोरच्या खोलीत गल्लीतली माणसं बसली होती. मंडळाचा तो सचिव आता पोट सुटलेला, चष्मा लागलेला. तो सगळ्यांना सांगत होता, "गोळ्यांच्या पावसात थांबला नाही हा माणूस." काकू कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, रडू आलं. मी ओळखलं, त्यांना कुठे तोंड लपवावं ते कळत नव्हतं. नवऱ्याची ती शरम आता एकट्या त्यांच्याकडे आली होती.

माणसं पांगल्यावर मी मागच्या खोलीत गेलो. दार तसंच दोन स्टुलांवर, डोंगर तसाच. भर दुपार होती आणि तो माणूस वळणावर उभा होता. मला वाटलं, या गडबडीत काकूंना जमलं नसेल. आपणच उचलून ठेवावा म्हणून मी हात पुढे केला, तर काकू दारात आल्या होत्या.

"राहू दे गा."

"काकू, आज ट्रकमध्ये नाही ठेवला?"

त्या जवळ आल्या. पदराच्या टोकानं त्यांनी त्याच्या टोपीवरची धूळ टिपली आणि त्याला होता तिथेच नीट उभा केला.

"हे होते तवर ठेवत होती," त्या म्हणाल्या. "मी ठेवाव आन् यायनं काढाव. आता मी ठेवला तं काढनारा कोन हाय? मंग तेच खरं होऊन जाईन."